रेडिस, व्हॅल्की की मेमकॅशेड? वेब ॲपसाठी कॅशे निवडण्याची रीत

तुमचं ॲप पीएचपी, पायथन, नोड किंवा जावात लिहिलेलं आहे, मागे मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस आहे, पानं हळू उघडायला लागली आहेत आणि कुणीतरी ‘कॅशे लावा’, म्हणजे वारंवार लागणारा डेटा मेमरीत हाताशी ठेवा, असा सल्ला दिलाय. पुढे काय करायचं हे कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

या कामाची साधनं (मुख्यतः रेडिस, व्हॅल्की आणि मेमकॅशेड) मोजकीच आहेत आणि बहुतेक सगळी चांगली आहेत. आपल्याला त्यात काय ठेवायचंय, ते किती जुनं झालं तरी चालेल आणि हरवलं तर काय होईल, हे न ठरवताच साधन आणलं की गोंधळ सुरू होतो. म्हणून इथे आधी ठरवायच्या गोष्टी सांगतो, साधनांची तुलना त्यानंतर.

उदाहरण एकच धरतो: शेतमालाचे बाजारभाव दाखवणारं संकेतस्थळ. लासलगावचा कांदा, लातूरचं सोयाबीन, सांगलीची हळद. बाजार समितीतले भाव दिवसातून मोजक्याच वेळा बदलतात, बघणारे मात्र दिवसभर येत राहतात. कॅशेला यापेक्षा सोयीचं काम मिळणं कठीण.

सुरुवात करण्याआधी एवढं हाताशी घ्या:

- डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (हळू चाललेल्या क्वेऱ्यांची नोंद), निदान एका आठवड्याचा
- सर्वांत जास्त उघडल्या जाणाऱ्या दहा पानांची यादी आणि प्रत्येकाला लागणारा वेळ
- सर्व्हर किती, प्रत्येकात रॅम किती आणि त्यातली मोकळी किती
- ॲपच्या किती प्रती एका वेळी चालतात (वर्कर, कंटेनर, जे असेल ते)
- प्रयोगासाठी वेगळं स्टेजिंग (खऱ्या ॲपसारखीच चाचणीची प्रत). विंडोजवर काम करत असाल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) किंवा डॉकर लागेल, कारण रेडिस विंडोजवर थेट चालवायची अधिकृत सोय नाही

## १. आधी डेटाबेस तपासा

स्लो क्वेरी लॉग उघडा आणि वरच्या पाच क्वेऱ्या ‘एक्सप्लेन’ (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) लावून बघा. इंडेक्स नसल्यामुळे पूर्ण टेबल वाचलं जातंय का? एका पानासाठी तीच क्वेरी शंभर वेळा जातेय का? ओआरएम (क्वेऱ्या आपल्या वतीनं तयार करणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांकडे हा दुसरा प्रकार फार आढळतो: बाजार समित्यांची यादी एका क्वेरीत येते, आणि मग प्रत्येक समितीचा जिल्हा आणायला एकेक वेगळी क्वेरी जाते. अशा ठिकाणी कॅशे लावला तर दुखणं झाकलं जातं आणि कॅशे रिकामा झाला की दुप्पट जोराने वर येतं.

पोस्टग्रेसमध्ये ‘शेअर्ड बफर्स’ची (वाचलेला डेटा ठेवायला राखलेल्या मेमरीची) मूळ सेटिंग फक्त १२८ एमबी असते. आठ-सोळा जीबी रॅमच्या सर्व्हरवरही ती तशीच राहिलेली दिसते. आधी ती वाढवून बघा. मायएसक्यूएलच्या जुन्या लेखांत ‘क्वेरी कॅशे चालू करा’ असं वाचाल. ती सोय ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, काढून टाकलेली आहे. त्यामागे वेळ घालवू नका.

लॉगिन न करता सगळ्यांना सारखंच दिसणारं पान असेल, तर एन्जिन्एक्स या वेब सर्व्हरमध्येच ते पूर्ण पान एक मिनिट साठवता येतं. तेवढ्यानं भागलं तर पुढच्या पायऱ्यांची आज गरज नाही.

## २. काय हरवलं तर चालेल, ते लिहून काढा

हे काम कागदावरच करा. संपूर्ण निवड याच कागदावर ठरते, म्हणून इथे घाई नको. कॅशेत जे जे ठेवायचा विचार आहे त्याची एकेक ओळ लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्नांची उत्तरं: हे किती वेळ जुनं दिसलं तर चालेल? आणि हे आत्ता, या क्षणी, सगळंच्या सगळं नाहीसं झालं तर काय होईल?

आपल्या संकेतस्थळाचा कागद साधारण असा होतो.

कालचे आणि त्याआधीचे भाव: बदलत नाहीत, कितीही वेळ राहू द्या. हरवले तर डेटाबेसमधून पुन्हा येतील.

आजचे भाव: दहा मिनिटं जुने चालतील, पण समितीनं चूक दुरुस्त केली की लगेच दिसायला हवी. हरवले तर पुन्हा येतील.

लॉगिनचं सेशन: हरवलं तर सगळे लोक एकदम बाहेर फेकले जातील. त्रास होईल, नुकसान नाही.

मोबाइलवर पाठवलेला ओटीपी: पाच मिनिटांचंच आयुष्य. हरवला तर माणूस पुन्हा मागवेल.

एका नंबरवरून तासाला किती ओटीपी मागवले, त्याची मोजणी: ही नेमकी वाढायला हवी. दोन सर्व्हरनी एकाच वेळी वाढवली तरी आकडा चुकता कामा नये.

एसएमएस पाठवायची रांग: हरवली तर शेतकऱ्याला भाव कळणारच नाही, आणि ती पुन्हा तयार करायला दुसरीकडे काहीच नाही.

शेवटची ओळ कॅशेची नाही. ‘हरवलं तर पुन्हा कुठूनच मिळणार नाही’ असं ज्याच्यापुढे लिहावं लागतं, त्याची जागा डेटाबेसमध्ये किंवा टिकाऊ रांगेत. रेडिसमध्ये रांग चालवता येते हे खरं, आणि अनेक जण चालवतात. पण ती चालवायची तर डिस्कवर लिहिण्याच्या सेटिंगसह, वेगळ्या सर्व्हरवर, समजून उमजून. कॅशेच्या कोपऱ्यात ढकलून नाही.

## ३. एकच सर्व्हर असेल तर बाहेरचा कॅशे लागतोच असं नाही

ॲपच्या स्वतःच्या मेमरीतच डेटा ठेवता येतो: पीएचपीसाठी एपीसीयू, जावासाठी कॅफिन, पायथनच्या जँगोत त्याचाच लोकल मेमरी कॅशे. नेटवर्क मध्ये येत नसल्यामुळे याच्याइतकं वेगवान दुसरं काही नाही. जिल्ह्यांची यादी, शेतमालाची नावं, सेटिंग अशा लहान आणि क्वचित बदलणाऱ्या गोष्टींसाठी मी आजही हेच सुचवतो.

इथे एक सापळा आहे. जँगोचा लोकल मेमरी कॅशे प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. गनिकॉर्न या पायथन सर्व्हरचे चार वर्कर असतील तर चार वेगळे कॅशे झाले. एका वर्करनं भाव पुसला तरी बाकी तिघे जुनाच दाखवत राहतात, आणि पान रिफ्रेश केलं की भाव कधी नवा, कधी जुना दिसतो. अशी तक्रार आली की आधी कॅशे कोणता लावलाय ते बघा. (एपीसीयूचं तसं नाही, पीएचपी-एफपीएमच्या सगळ्या वर्करना तो एकत्र मिळतो, पण दुसऱ्या सर्व्हरला नाही.)

दुसरा सर्व्हर आला, किंवा सेशन आणि मोजण्या कॅशेत ठेवायच्या ठरल्या, की सगळ्यांसाठी सामायिक असा बाहेरचा कॅशे लागतो. आता तुलना करायची वेळ आली.

## ४. मेमकॅशेड कधी घ्यायचा

ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉग संकेतस्थळासाठी मेमकॅशेड बनवला. एक की, तिच्यासमोर एक व्हॅल्यू, आणि वेळ संपली की विसरून जाणं, एवढंच तो करतो. याद्या नाहीत, क्रमवारी नाही, डिस्कवर जपून ठेवणं नाही. सर्व्हर बंद झाला की साधारणपणे सगळं गेलं. कागदावरच्या तुमच्या सगळ्या ओळी ‘हरवलं तर पुन्हा येईल’ अशाच असतील, तर हा साधेपणा तुमच्या फायद्याचा आहे. तो अनेक थ्रेडवर चालतो, त्यामुळे जास्त कोअरच्या मशीनचा उपयोग आपोआप होतो. वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघावंही लागत नाही.

नवख्यांनी लक्षात ठेवायच्या त्याच्या चार गोष्टी:

मूळ मर्यादा ६४ एमबी मेमरीची असते. बसवून तसाच सोडला तर बहुतेक ॲपना ती कमी पडते.

एका व्हॅल्यूची मूळ मर्यादा १ एमबी. राज्यातल्या सगळ्या भावांचा एकच मोठा जेसन ठेवायला गेलात तर तो साठवलाच जात नाही, आणि अनेक लायब्ररी त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पान चालतं, फक्त दरवेळी डेटाबेसमधूनच.

मुदत सेकंदांत देताना ३० दिवसांच्या, म्हणजे २५,९२,००० सेकंदांच्या पुढे गेलात, तर तो आकडा कालावधी न मानता युनिक्स घड्याळातली तारीख मानला जातो. ती तारीख १९७० सालातली निघते आणि नोंद तिथल्या तिथे कालबाह्य होते. ‘६० दिवस ठेव’ म्हटलं आणि एक क्षणही राहिलं नाही, याचं कारण हे.

सर्व्हर अनेक असले तर कोणती की कुठे जाईल हे मेमकॅशेड ठरवत नाही, तुमची क्लायंट लायब्ररी ठरवते. साधा भागाकार वापरणारी लायब्ररी असेल आणि चाराचे पाच सर्व्हर केलेत, तर ८० टक्के की एकदम जागा बदलतात, म्हणजे जवळजवळ सगळा कॅशे रिकामाच झाला. कन्सिस्टंट हॅशिंग (सर्व्हर बदलले तरी कमीत कमी की हलवणारी वाटणीची रीत) चालू असेल तर साधारण पाचवा हिस्साच हलतो. ही सेटिंग पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

## ५. रेडिस आणि व्हॅल्की

साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरनं २००९ मध्ये रेडिस आणलं. मेमकॅशेडपेक्षा वेगळेपण असं की व्हॅल्यू नुसता मजकूर नसते: यादी, संच, हॅश, गुणानुसार लावलेला संच असे प्रकार सर्व्हरलाच कळतात. ‘आज सर्वांत जास्त बघितलेले दहा शेतमाल’ ही यादी रेडिसमध्ये दोन आज्ञांचं काम आहे. ‘अचूक मोजणी फक्त रेडिसलाच जमते’ असं मात्र गैरसमजातून सांगितलं जातं. आकडा अचूक वाढवणं मेमकॅशेडलाही जमतं. रेडिसचा खरा फायदा मोजणीभोवतीचे नियम बांधताना होतो, कारण अनेक आज्ञा एकसंध चालवायची सोय तिथे आहे.

आज्ञा एकाच थ्रेडवर एकामागून एक चालतात. त्यामुळे हिशेब सोपा राहतो, पण एक जड आज्ञा आली की बाकी सगळे खोळंबतात. ‘कीज’ ही आज्ञा सगळ्या की चाळते. चालू सर्व्हरवर ती कधीही वापरू नका, ‘स्कॅन’ वापरा. मोठी यादी पुसायची असेल तर ‘डेल’ऐवजी ‘अनलिंक’.

आता व्हॅल्की कुठून आलं ते सांगतो, कारण नवीन माणसाला दोन्ही नावं दिसतात आणि काय घ्यावं ते कळत नाही. रेडिस अनेक वर्षं बीएसडी या मुक्त परवान्याखाली होतं. मार्च २०२४ मध्ये कंपनीनं ७.४ आवृत्तीपासून परवाना बदलून जास्त बंधनांचा केला. त्यानंतर काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशननं रेडिस ७.२.४ वरून फुटलेल्या व्हॅल्कीची घोषणा केली. ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन यांचा त्याला पाठिंबा होता. व्हॅल्की बीएसडी परवान्यावरच आहे. पुढे मे २०२५ मध्ये रेडिस ८ आलं, आणि त्यात एजीपीएल हा मुक्त परवाना पर्याय म्हणून मिळू लागला.

तुमच्या ॲपला कॅशे म्हणून दोन्ही सारखीच चालतात, क्लायंट लायब्ररीही बहुधा तीच चालते. नव्यानं सुरुवात असेल तर मी व्हॅल्की घ्यायला सांगेन, कारण परवान्याचा प्रश्न कंपनीतल्या कुणालाही विचारावा लागत नाही आणि क्लाउडवाल्यांकडे ते सहज मिळतं. आधीपासून रेडिस नीट चालत असेल तर केवळ नावासाठी बदलू नका. रेडिस ८ मध्ये आलेली शोधाची किंवा जेसनची खास सोय वापरायची असेल, तर ती व्हॅल्कीत कोणत्या रूपात आहे ते आधी तपासा.

ड्रॅगनफ्लाय, कीडीबी, मायक्रोसॉफ्टचं गार्नेट ही नावंही कानावर येतील. ती रेडिसच्याच भाषेत बोलतात आणि अनेक कोअर वापरण्यावर त्यांचा भर आहे. पहिल्या निवडीत त्यांचा विचार करायची गरज मला वाटत नाही.

वेगाच्या तुलनांबद्दल एक सावधगिरी. रेडिससोबत येणारं बेंचमार्कचं साधन मूळ सेटिंगमध्ये फक्त ३ बाइटची व्हॅल्यू वापरतं. तुमची व्हॅल्यू २ केबीची असेल तर ते आकडे तुमच्या काहीच कामाचे नाहीत. व्हॅल्यूचा आकार स्वतः देऊन चाचणी घ्या. साध्या वाचन-लेखनात मेमकॅशेड आणि रेडिस-व्हॅल्की दोन्ही बहुतेक संकेतस्थळांच्या गरजेपेक्षा कितीतरी वेगवान निघतील.

## ६. मेमरीचा हिशेब कागदावर करा

समजा ३०० बाजार समित्या, प्रत्येकी ४० शेतमाल, एका नोंदीला २ केबी. १२,००० नोंदी, म्हणजे सुमारे २४ एमबी. पन्नास हजार सेशन, प्रत्येकी १ केबी, म्हणजे ५० एमबी. प्रत्येक नोंदीमागचा साधनाचा स्वतःचा खर्च आणि मेमरीतली विस्कळीत जागा धरून दुप्पट करा. दीडशे एमबी.

क्लस्टर (डेटा वाटून घेणारा अनेक सर्व्हरचा गट) लागेल असं मानून बसलेल्या अनेकांचा हिशेब प्रत्यक्षात एवढ्यावर येतो. रेडिसचं क्लस्टर १६,३८४ स्लॉटमध्ये की वाटतं, आणि अनेक की एकत्र हाताळणाऱ्या आज्ञा त्या सगळ्या एकाच स्लॉटमध्ये असल्या तरच चालतात. ही गुंतागुंत डेटा एका मशीनच्या रॅममध्ये मावेनासा होईपर्यंत अंगावर घेऊ नका.

## ७. मर्यादा घाला, आणि भरल्यावर काय काढायचं ते सांगा

रेडिस आणि व्हॅल्की कॅशे म्हणून वापरणाऱ्यांची सर्वांत जास्त फजिती इथे होते. ६४ बिट मशीनवर ‘मॅक्समेमरी’ची मूळ किंमत शून्य असते, म्हणजे मर्यादाच नाही. डेटा वाढत जातो, रॅम संपते, आणि लिनक्स ती प्रोसेस मारून टाकतं. मर्यादा घातली पण ‘मॅक्समेमरी-पॉलिसी’ तशीच सोडली, तर तिची मूळ किंमत ‘नोएव्हिक्शन’ आहे: जागा भरली की जुनं काढलं जात नाही, नव्या लेखनाला एरर परत येते. कॅशेकडून आपल्याला नेमकं याच्या उलट हवं असतं.

शुद्ध कॅशेसाठी ‘ऑलकीज-एलआरयू’ ठेवा, बराच काळ न वापरलेल्या नोंदी आधी जातील. काही थोड्याच नोंदी सतत बघितल्या जात असतील, तर ‘ऑलकीज-एलएफयू’ जास्त बरं. ते वापर किती वेळा झाला ते धरतं. आपल्या उदाहरणात लासलगावचा कांदा एलएफयूमुळे टिकून राहील, एखाद्या बॉटनं एका रात्रीत हजारो जुनी पानं चाळली तरी.

सेशन आणि भाव एकाच सर्व्हरवर ठेवलेत तर ‘ऑलकीज’मुळे भावांची गर्दी झाली की लोकांची सेशन पुसली जातात. म्हणून दोन वेगळ्या प्रती चालवा, दोन पोर्टवर. १५० एमबीच्या हिशेबात दुसरी प्रत परवडते.

डिस्कचंही इथेच उरका. रेडिस मूळ सेटिंगमध्ये अधूनमधून डिस्कवर छायाप्रत काढतं. त्यासाठी प्रोसेसची दुसरी प्रत तयार होते, आणि लेखन जास्त असेल तर तेवढ्या वेळात मेमरी बरीच वाढू शकते. शिवाय डिस्क भरली आणि छायाप्रत काढता आली नाही, तर मूळ सेटिंगप्रमाणे रेडिस नवं लेखन घ्यायचंच बंद करतं. मेमरी मोकळी आहे, प्रोसेस चालू आहे, तरी कॅशेत काही लिहिलं जात नाही असं दिसलं तर डिस्क तपासा. भावांच्या प्रतीत छायाप्रत बंदच ठेवा. सेशनच्या प्रतीत ‘एओएफ’ (प्रत्येक लेखन फाइलच्या शेवटी जोडत जाणं) चालू करायचं असेल तर दर सेकंदाला डिस्कवर टाकायची मूळ सेटिंग पुरेशी आहे. वाईटात वाईट सुमारे एका सेकंदाचं लेखन जाईल.

## ८. की ठरवताना देवनागरीची काळजी घ्या

इंग्रजी मार्गदर्शकांत हा भाग सापडत नाही, आणि मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्याला हमखास लागतो.

मेमकॅशेडमध्ये कीची मर्यादा २५० बाइट आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी चिन्हं असतात. ‘लासलगाव’ म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. म्हणजे कीमध्ये जास्तीत जास्त ८३ चिन्हं. पत्ताच की म्हणून वापरलात आणि तो टक्क्यांच्या चिन्हांत बदललेला असेल, तर एका चिन्हाचे ९ बाइट होतात आणि फक्त २७ चिन्हं मावतात. शोधाच्या पानावर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. शिवाय कीमध्ये मोकळी जागा चालत नाही.

दुसरी अडचण दिसतच नाही, म्हणून जास्त छळते. ‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्’ एका स्वतंत्र चिन्हानं लिहिता येतो, ‘र’खाली नुक्ता देऊनही लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून तोच आकार काढतात. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण बाइट वेगळे असतात, म्हणून कॅशेच्या दृष्टीनं त्या तीन वेगळ्या की. एकात नवा भाव, दुसऱ्यात जुना. वर ‘कराड’ असं लिहिणारेही आहेतच.

उपाय असा: वापरणाऱ्यानं टाइप केलेला मजकूर कीमध्ये थेट घालू नका. समितीचा आणि शेतमालाचा डेटाबेसमधला क्रमांक वापरा, पुढे तारीख. जिथे मजकूर टाळताच येत नाही, जसं शोधाचं पान, तिथे आधी युनिकोडचं एनएफसी रूप (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं असलं तरी एकाच प्रकारात आणणारं) करा, अदृश्य जोडचिन्हाचं काय करायचं ते वेगळं ठरवा (एनएफसीमुळे ते जात नाही), मोकळ्या जागा नीट करा, आणि मग त्याचा एसएचए-२५६ हॅश की म्हणून वापरा. तो नेहमी ६४ अक्षरांचाच येतो.

प्रत्येक कीच्या सुरुवातीला ॲपचं नाव आणि रचनेचा आवृत्ती क्रमांकही ठेवा. नोंदीत नवं फील्ड आलं की क्रमांक वाढवायचा. जुन्या नोंदी कुणी वाचत नाही आणि आपोआप निघून जातात.

## ९. मुदत आणि पुसण्याचा क्रम

मुदत नसलेली नोंद कॅशेत ठेवूच नका. कालचे भाव बदलत नसले तरी त्यांना आठवडाभराची मुदत द्या.

भाव दुरुस्त झाला की आधी डेटाबेसमधला व्यवहार कमिट करा, मग की पुसा. उलट केलंत तर मधल्या क्षणी दुसरी कुणाची तरी विनंती येते, डेटाबेसमधून जुनाच भाव वाचते आणि तो पुन्हा कॅशेत भरून ठेवते. मग मुदत संपेपर्यंत चुकीचा भाव दिसत राहतो. पैशांच्या व्यवहाराआधी लोक ही पानं बघतात, त्यामुळे याकडे दुर्लक्ष करू नका.

गर्दीच्या वेळी एखाद्या लोकप्रिय नोंदीची मुदत संपली, की शेकडो विनंत्या एकदम डेटाबेसवर जाऊन आदळतात. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये त्यांच्या मेमकॅशेडवर निबंध प्रसिद्ध केला, त्यात यावर ‘लीज’ हा उपाय मांडला: नोंद भरायचा हक्क एकालाच, बाकीच्यांनी क्षणभर थांबायचं किंवा थोडी जुनी नोंद घ्यायची. लहान ॲपला याचं सोपं रूप पुरतं. रेडिसमध्ये ‘सेट’ला ‘एनएक्स’ (की आधी नसेल तरच लिही) आणि ‘ईएक्स’ (इतक्या सेकंदांची मुदत) जोडून, किंवा मेमकॅशेडमध्ये ‘ॲड’ वापरून काही सेकंदांचं कुलूप लावा. ते ज्याला मिळालं त्यानं डेटाबेसकडे जावं. मुदतही सगळ्यांना नेमकी ६०० सेकंद न देता ५४० ते ६६० मधली कोणतीही द्या, म्हणजे एकत्र भरलेल्या नोंदी एकत्र संपत नाहीत.

जे डेटाबेसमध्ये नाहीच, तेही लहान मुदतीनं साठवा. नसलेल्या समितीचं पान एखादा बॉट वारंवार मागत असेल, तर एरवी प्रत्येक वेळी क्वेरी जाते.

## १०. दार बंद आहे ना, ते तपासा

रेडिसचा पोर्ट ६३७९, मेमकॅशेडचा ११२११. हे दोन्ही इंटरनेटवरून दिसता कामा नयेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड्या मेमकॅशेड सर्व्हरचा वापर करून गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिटचा हल्ला झाला, त्यानंतर १.५.६ आवृत्तीत त्या हल्ल्यात वापरलेलं यूडीपी (आधी जोडणी न करता डेटा पाठवायची पद्धत) मुळातच बंद ठेवलं गेलं.

आज नवखे लोक अडकतात ते डॉकरमध्ये. कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी फाइल) पोर्ट ‘६३७९:६३७९’ असा लिहिला की तो मशीनच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतो, आणि उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये तो बंद केलेला असला तरी डॉकरचे नियम त्याला वळसा घालतात. ॲप त्याच कंपोजमध्ये असेल तर पोर्टची ओळच काढून टाका, ती लागत नाही. लागलीच तर पुढे १२७.०.०.१ लिहा. पासवर्ड ठेवाच.

जँगो कॅशेत वस्तू पिकल करून (पायथनच्या पद्धतीनं बाइटमध्ये बदलून) ठेवतं. कॅशेत लिहिता येणारा बाहेरचा माणूस त्यातून तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. ‘कॅशेच तर आहे, त्यात काय गुपित’ हा विचार म्हणूनच धोक्याचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेडिसच्या ल्युआ भागातली (सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवणारा भाग) एक अत्यंत गंभीर त्रुटी जाहीर झाली. व्हॅल्कीलाही तिच्या दुरुस्तीच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. आवृत्ती अद्ययावत ठेवायची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी ठरवा. ती घ्यायला कुणीच नसेल तर क्लाउडची तयार सेवा घेणं हा शहाणपणाचा खर्च आहे.

तयार सेवा घेताना प्रदेश तपासा. ॲप मुंबईत आणि कॅशे सिंगापूरला अशी जोडी झाली तर प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंदांच्या आसपास जातात, आणि एका पानाला वीस फेऱ्या असतील तर त्यातच सेकंद गेला. एकाच प्रदेशात ठेवा, आणि वीस की एकत्र मागवायची सोय वापरा.

## ११. कॅशे बंद करून बघा

चालू करण्याआधी स्टेजिंगवर कॅशेची प्रोसेस मुद्दाम थांबवा आणि पान उघडा. ते हळू का होईना, उघडायला हवं. एररचं पान आलं, तर ॲपला कॅशेशिवाय जगता येत नाही. अनेकदा पान ३० सेकंद नुसतं फिरत राहतं, कारण क्लायंटचा टाइमआउट फार मोठा असतो. जोडणीसाठी आणि उत्तरासाठी टाइमआउट काहीशे मिलिसेकंदांवर आणा.

मग कॅशेची प्रोसेस पुन्हा सुरू करा आणि रिकाम्या कॅशेवर गर्दीच्या वेळेएवढ्या विनंत्या सोडा. डेटाबेस तग धरतो का ते इथे कळतं. धरत नसेल तर सर्वांत जास्त बघितल्या जाणाऱ्या शंभर-दोनशे नोंदी आधीच भरून ठेवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, आणि सर्व्हर सुरू करायच्या क्रमात तिला जागा द्या.

चालू झाल्यावर पहिले काही आठवडे तीन आकडे बघत राहा: हिट (नोंद कॅशेत सापडली) आणि मिस (सापडली नाही) यांचं प्रमाण, मेमरी भरल्यामुळे काढलेल्या नोंदी, आणि डेटाबेसवरच्या क्वेऱ्या. रेडिस-व्हॅल्कीत ‘इन्फो’, मेमकॅशेडमध्ये ‘स्टॅट्स’ या आज्ञेत पहिले दोन मिळतात. हिटचं प्रमाण कमी आणि काढलेल्या नोंदी जास्त, तर मेमरी वाढवा. हिट कमी पण काढलेल्या नोंदी जवळपास शून्य, तर मेमरी वाढवून उपयोग नाही. की दरवेळी वेगळी तयार होतेय किंवा मुदत फार लहान आहे. हिट भरपूर, तरी डेटाबेसचा भार तसाच असेल, तर कॅशेत चुकीच्या गोष्टी गेल्या आहेत: स्लो क्वेरी लॉग पुन्हा काढा आणि दुसऱ्या पायरीचा कागद नव्यानं लिहा.